अदमास

दोन लोखंडी पट्ट्या होत्या. एका टोकाला एकमेकींना लागून आणि बुटक्या, दुसऱ्या टोकाला फाकलेल्या आणि उंच. त्यांच्यावर दोन भोवरे पाठीला पाठ लावून चिकटवावेत तसा एक लाकडी ठोकळा, मधे जाड, दोन्ही बाजूंना निमुळता. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं तो बुटक्या टोकाशी ठेवला आणि हात काढला. ठोकळा तिथेच राहायला हवा होता. तो निघाला उंच टोकाकडे, आपला आपण, कुणीही न ढकलता.

“बाबा, हा वर चढला!”

तिनं तो खाली आणून ठेवला, पुन्हा चढला. सहा वर्षांच्या धाकट्यानं तिला बाजूला सारून स्वतः ठेवून पाहिला. मी शेजारची माहितीची पाटी वाचायला वळलो होतो. तेवढ्यात माझी आई काठी टेकत मागून आली. बहात्तर वर्षांची आहे ती, सातवीपर्यंत शिकलेली. तिनं एक हात टेबलावर टेकला, कमरेत वाकून डोळे पट्ट्यांच्या पातळीवर आणले आणि नातीला म्हणाली, “अजून एक वार सोड बरं.” ठोकळा निघाला. आई तशीच वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, “चढून नाही राहिला थो. बुडून राहिला. मधातल्या जाडीकडे नको पाहू, आसाकडे पाय.”

लेक वाकली. तिनं ठोकळ्याच्या दोन निमुळत्या टोकांवर नजर ठेवली. पट्ट्या जसजशा फाकत जात होत्या तसतसा ठोकळा त्यांच्यामधल्या फटीत खाली खाली उतरत होता. पट्ट्या जेवढ्या उंच होत होत्या त्याहून जास्त तो आत धसत होता. बाहेरून चढ दिसत होता, पण त्याचा आस खालीच चालला होता. मी पाटी वाचली. तिच्यात गुरुत्वमध्याबद्दल हेच लिहिलेलं होतं.

आईला हे कसं दिसलं, ते तिनं नंतर सांगितलं. बैलगाडीचं चाक चिखलात फिरत असतं, धाव गरगरत असते, पण गाडी वर येते आहे की रुतते आहे हे आसाकडे पाहूनच कळतं. तिनं ठोकळ्यात गाडी पाहिली.

त्या दिवसानंतर मी बरेच दिवस या एका गोष्टीचा विचार करतो आहे. आमच्याकडे तिला अदमास म्हणतात. ती सावकाश उलगडून सांगावी असं वाटलं म्हणून हे लिहितो आहे.

त्या दिवशी आम्ही वर्ध्याहून सकाळच्या एसटीनं नागपूरला आलो होतो. गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरलो, एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले आणि गांधीसागरच्या दिशेनं पायी निघालो. जुनी माणसं या तलावाला अजून शुक्रवारी तलाव किंवा जुम्मा तलावच म्हणतात. त्याच्या समोरच रामन विज्ञान केंद्र आहे. तो ठोकळा तिथलाच. मुलांना तिथले डायनोसॉर पाहायचे होते, आईला तारांगण, आणि मला फक्त दिवस चांगला जायला हवा होता.

आता अदमास. शब्दकोशात पाहिलं तर अदमास म्हणजे अंदाज. पण आमच्या घरात हे दोन शब्द थोडे वेगळे वापरले जातात. पाऊस येईल की नाही याचा अंदाज. भाजीत मीठ किती, पिठात पाणी किती, दोराला पीळ किती, याचा अदमास. अंदाज डोक्यानं करायचा आणि अदमास हातात असतो. आईला मीठ किती घातलं विचारलं तर ती चिमूट दाखवते, आकडा सांगत नाही.

हा अदमास येतो कुठून, हे मी लहानपणी आमच्या शेतात पाहिलं आहे. कापसाची वेचणी चालू असली की संध्याकाळी वेचणाऱ्या बायका आपापलं गाठोडं घेऊन काट्यापाशी येत. मजुरी किलोवर. आई गाठोडं काट्याला लावण्याआधी दोन्ही हातांनी उचलायची आणि मोठ्यानं आकडा सांगायची. बायकाही आपापला आकडा सांगत. मग काटा. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात आकडे तीन-तीन, चार-चार किलोनं चुकत. शेवटच्या आठवड्यात पाव-अर्ध्या किलोचा फरक राहायचा. कुणी कुणाला शिकवत नव्हतं. रोज उचलणं, बोलणं आणि मग काट्यानं सांगणं, एवढंच.

यातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी काटा आणि मग उचलणं असं असतं तर हजार गाठोडी उचलूनही हाताला काही कळलं नसतं. हाताला आधी काहीतरी म्हणावं लागतं, आणि ते मोठ्यानं, चारजणींसमोर. मग काटा काय म्हणतो ते ऐकावं लागतं. दोन्हींत जे अंतर पडतं, त्या अंतरातून हात शिकतो. शिवाय त्या अंतराची कुणाला लाज वाटत नसे. चार किलोनं चुकलेली बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच मोठ्यानं आकडा सांगायची. मराठीत आपण म्हणतो, हात बसला. भाकरीवर हात बसला, सुईवर हात बसला. तो बसेपर्यंत कितीदा चुकला हे कुणी मोजून ठेवत नाही.

शाळेत हा क्रम उलटा होतो. मी शाळेला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. चाळीस-पन्नास मुलं, पस्तीस मिनिटांचा तास आणि पुस्तक संपवायचं, यात दुसरं काही करणं अवघड आहे. पण तिथे आधी नियम येतो, मग उदाहरण आणि शेवटी प्रश्न. मुलाला जेव्हा विचारलं जातं तेव्हा उत्तर आधीच कुठेतरी छापलेलं असतं आणि चुकण्याला गुण जातात. दोन-तीन वर्षांत मूल एक गोष्ट पक्की शिकतं, की माहीत नसेल तर बोलू नये. माझी लेक चौथीत आहे. तिला मी एखादी गोष्ट विचारली की हल्ली ती आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहते, उत्तर तिथे आहे का ते शोधायला. हे माझ्या मनाला लागलेलं आहे.

संग्रहालय या जागी मदत करू शकतं. पण सगळी संग्रहालयं नाहीत, आणि त्यांनी करावी असंही नाही. नागपुरातच सिव्हिल लाइन्समध्ये मध्यवर्ती संग्रहालय आहे, १८६३ साली स्थापन झालेलं, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. सगळं नागपूर त्याला अजब बंगला म्हणतं. लहानपणी आई-वडिलांबरोबर मी तिथे गेलो होतो. मूर्ती, शिलालेख, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी, आणि जागोजागी हात लावू नका. तिथे ते योग्यच आहे. तिथली मूर्ती एकच आहे. हाताचा घाम आणि तेल दगडालाही खातात, धातूला आणि कापडाला तर फार लवकर. आपल्या पणतवंडांनी ती पाहावी अशी इच्छा असेल तर आपण हात मागेच बांधले पाहिजेत.

विज्ञान केंद्रातला ठोकळा झिजण्यासाठीच केलेला असतो. झिजला की नवा करता येतो. तिथे जपायची वस्तू ठोकळा नसते, ठोकळा सोडल्यावर मुलाला जे वाटतं ते असतं. मी त्या दिवशी मुद्दाम हातांच्या खुणा पाहत फिरलो. कुठे रंग उडालेला, कुठे मूठ गुळगुळीत झालेली. मुलांचे हात कुठे थांबतात हे त्या खुणा कुठल्याही पाहणीपेक्षा खरं सांगतात.

संग्रहालयात लोकांनी हात लावावा, ही कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीत ऑस्कर फॉन मिलर नावाच्या विद्युत अभियंत्यानं १९०३ साली म्युनिकला डॉइचेस म्युझियमची स्थापना केली. त्याची मोठी इमारत इझार नदीतल्या बेटावर १९२५ साली उघडली. तिथे पाहणाऱ्यानं बटण दाबावं, दांडा फिरवावा आणि यंत्र चालताना पाहावं अशी सोय होती. काचेमागचं यंत्र मुकं असतं, हे त्यांनी ओळखलं होतं. तिथून ही बटणं जगभर पसरली.

पण बटणाचीही एक अडचण आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या अशाच एका ठिकाणी मी शाळेच्या सहलीबरोबर गेलो होतो. मुलं दारातून आत शिरली आणि धावत सुटली. प्रत्येक बटण दाबायचं, दिवा लागेपर्यंतही थांबायचं नाही, पुढचं बटण. निम्मी बटणं बंद होती आणि त्यानं मुलांना काही फरक पडत नव्हता. वीस मिनिटांत दोन मजले संपले. हात लावला का? लावला, प्रत्येक गोष्टीला लावला. शिकलं का कुणी काही? मला नाही वाटत. बटण दाबल्यावर काय होणार याबद्दल त्या हातांनी आधी काही म्हटलंच नव्हतं. काटा होता, पण गाठोडं कुणी उचललं नव्हतं.

म्हणून हात लावणं म्हणजे काय, हे नीट ठरवायला हवं. बोट टेकलं म्हणजे हात लागला असं नाही. चूक निघू शकेल असं काहीतरी हातानं आधी म्हटलेलं असलं, तरच तो लागला.

अमेरिकेत फ्रँक ओपेनहायमर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते, अणुबॉम्ब तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ. राजकीय संशयापायी १९४९ साली त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली आणि पुढची जवळपास दहा वर्षं त्यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात गुरं पाळली. तिथल्याच एका गावच्या शाळेत ते विज्ञान शिकवू लागले. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात परतल्यावर त्यांनी प्रयोगांचं एक ग्रंथालय उभं केलं. पुस्तकं घेऊन बसावं तसे विद्यार्थी तिथे मांडलेले प्रयोग हवा तितका वेळ, हव्या तितक्या वेळा करू शकत. त्यातूनच १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम उघडलं, आणि आजच्या बहुतेक खेळकर विज्ञान केंद्रांची घडण तिथून आली. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असं ते म्हणत. गुरं राखणाऱ्या आणि खेड्यातल्या मुलांना शिकवणाऱ्या माणसाला हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही. गुरं रोजच अदमास करायला लावतात.

आपल्याकडे या कामातलं एक सुरुवातीचं पाऊल कलकत्त्यात पडलं. बिर्ला औद्योगिक आणि तंत्रवैज्ञानिक संग्रहालय २ मे १९५९ रोजी उघडलं. १९६५ साली त्याच संग्रहालयानं बसमधून फिरतं विज्ञान प्रदर्शन खेड्यापाड्यांतल्या शाळांकडे पाठवायला सुरुवात केली. १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईत वरळीला १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, मुलांसाठी विज्ञान उद्यान सुरू झालं आणि १९८५ साली नेहरू विज्ञान केंद्र. नागपूरचं केंद्र ७ मार्च १९९२ चं, तारांगण ५ जानेवारी १९९७ चं. विदर्भातल्या मुलाला गुरुत्वमध्य हातात धरायला मुंबईला जावं लागू नये, हे या तारखांमुळे शक्य झालं.

केंद्राला नाव सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचं आहे. ते नागपूरला राहिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९०७ साली ते सरकारच्या वित्त खात्यात रुजू झाले, कलकत्त्याला. मग रंगून, आणि १९१० साली नागपूर. वर्षभरातच बदली होऊन ते पुन्हा कलकत्त्याला गेले. दिवसा सरकारी हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोग, असं त्यांनी १९१७ पर्यंत चालवलं आणि मग मोठ्या पगाराची नोकरी सोडून प्राध्यापक झाले.

रामन यांची एक हकिकत माझ्या विषयाच्या अगदी मध्यावर येते. १९२१ साली ते इंग्लंडहून बोटीनं परत येत होते. बोटीचं नाव नारकुंडा. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून ते थांबले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून, असं लॉर्ड रॅले यांनी सांगून ठेवलं होतं. रॅले म्हणजे आकाश निळं का दिसतं हे ज्यांनी समजावलं ते. त्यांचा शब्द खाली पडू देणं कुणाच्या मनात येणार नाही. रामन यांच्याजवळ निकोलचा लोलक होता, खिशात मावेल असा. विशिष्ट कोनातून पाहिलं आणि लोलक फिरवला की पाण्याच्या पृष्ठभागावरून परत येणारा प्रकाश त्यानं अडवता येतो. म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब पुसून टाकता येतं. रॅले यांचं म्हणणं खरं असेल तर निळाई जायला हवी होती. रामन यांनी डेकवर उभं राहून लोलक फिरवला. प्रतिबिंब गेलं, निळाई राहिली. उलट जास्त खुलली. ती पाण्याची स्वतःची होती.

मोठ्या माणसाचा अदमास काट्याला लावला आणि चुकलेला निघाला. याच वाटेनं पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणामाचा शोध आला, आणि १९३० चं नोबेल. तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. पण मुलांना सांगायची खरी गोष्ट मला बोटीवरची वाटते, कारण तिच्यात एक माणूस, एक हातातलं भिंग म्हणावं इतकं साधं साधन आणि आधी स्पष्ट केलेली एक अपेक्षा, एवढंच आहे. तबल्याच्या पुडीवरची शाई काय करते, हेही याच माणसानं शोधलं. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध शाईचा जड ठिपका दिला की ते तंतुवाद्यासारखे जुळून येतात. १९२० साली त्यांनी यावर लिहिलं. ज्यांनी शतकानुशतकं शाई घोटली त्या कारागिरांचा हात केव्हाच बसलेला होता. रामन यांनी त्या हाताचं म्हणणं गणितात मांडलं. आईचा आस आणि पाटीवरचा गुरुत्वमध्य यांचं नातंही मला असंच दिसतं.

परत केंद्राकडे येतो. ठोकळ्यानंतर मी एक केलं. पाटी वाचणं बंद केलं आणि मुलांना म्हटलं, काहीही करायच्या आधी काय होईल ते सांगायचं, मोठ्यानं. पहिल्या दोन ठिकाणी लेक गप्प राहिली, माझ्याकडे पाहत. धाकटा बिनधास्त बोलत होता आणि बिनधास्त चुकत होता. बाहेरच्या उद्यानात दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायच्या खुर्च्या असतात, कप्प्या कमी-जास्त लावलेल्या. तिथे आई जवळ बसली आणि नातीला म्हणाली, “कोणती हलकी जाईन सांग.” नात म्हणाली, कमी कप्प्यांची, कारण तिच्यात अडकायला कमी आहे. बसून ओढली, जेमतेम हलली. जास्त कप्प्यांच्या खुर्चीत बसली आणि सहज वर गेली. तिला फार आनंद झाला. मग ती खाली उतरून म्हणाली, “पण आजी, याच्यात दोरी किती ओढावी लागते!” चाळीस वर्षं विहिरीवरून पाणी शेंदलेल्या बाईनं मान हलवली. “फुकट कायचं हलकं होते, बाप्पा? दोरीनं वसूल करून घेते थे.” भौतिकशास्त्राच्या पुस्तकात कार्य, बल आणि अंतर यांचं हेच सांगितलेलं आहे. पण लेकीनं ते आधी तळहातांनी मोजलं होतं.

पुढे जे घडलं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. उतारावरून सोडायची दोन चाकं होती. आकार सारखा, वजन सारखं. एकाचं वजन मधे आसाजवळ गोळा केलेलं, दुसऱ्याचं कडेला. कोणतं आधी खाली पोचेल? लेक म्हणाली, सारखीच. धाकटा म्हणाला, मधलं, आणि का ते त्याला सांगता येईना. आई ठामपणे म्हणाली, कडेला वजन असलेलं. जात्याला कसा एकदा वेग आला की थांबत नाही, तसं ते धावेल. मला उत्तर माहीत होतं. मी गप्प राहिलो, आणि त्या दिवशी केलेली ती माझी एकच शहाणपणाची गोष्ट.

लेकीनं दोन्ही चाकं एकदम सोडली. मधे वजन असलेलं पुढे निघून गेलं. कडेला वजन असलेलं मागून, सावकाश आलं. दोन्ही मुलं आजीकडे पाहू लागली. आजी चुकली होती. आई क्षणभर उताराकडे पाहत राहिली, मग स्वतःच्या हाताकडे. तिनं हवेत जात्याचा खुंटा धरल्यासारखी मूठ वळवली. “पुन्हा सोडा.” पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सोडायच्या आधी ती हसली आणि म्हणाली, “हो न! थांबवायले जड जाते म्हणून मी म्हटलं. पण जातं सुरू करायलेही तेवढंच जड जाते, हे इसरलीच मी. याले सुरू व्हायलेच उशीर लागून राहिला.” जडत्वाचं याहून नेमकं वर्णन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आजीचा हात पन्नास वर्षांचा बसलेला. त्या हातानं चौघांसमोर आकडा सांगितला, तो चुकला, आणि तोच हात हवेत फिरवून तिनं चूक शोधून काढली. लेक हे सगळं अगदी जवळून पाहत होती. त्यानंतर तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहणं सोडलं. वक्र आरशांसमोर, दूर उभ्या केलेल्या दोन मोठ्या तबकड्यांपाशी, जिथे एकीकडचं कुजबुजणं दुसरीकडे ऐकू येतं, ती स्वतःहून आधी बोलू लागली. बऱ्याचदा चुकली. एकदा तर आपलं बरोबर निघालं म्हणून तिला वाईट वाटलं, कारण पाहण्यासारखं काही राहिलं नाही.

इथेच मला शाळेची सहल आणि कुटुंबाची सहल यांतला फरक कळला. सहलीत पन्नास मुलं एका वयाची असतात आणि मोठी माणसं उत्तरं घेऊन उभी असतात. कुटुंबात सहा, नऊ, चाळीस आणि बहात्तर वर्षांचे हात एका चाकापाशी येतात. प्रत्येकाला वेगळी गोष्ट ठाऊक असते आणि प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी चुकतो. मोठ्यांना चुकताना मुलं एरवी फारशी पाहत नाहीत. आपण त्यांच्यापासून ते लपवतो. खेळकर संग्रहालयात ते लपवता येत नाही, कारण चाक सगळ्यांसमोर खाली येतं.

तारांगण आईला आवडलं. तिथे हाताला काम नव्हतं, अंधार आणि आभाळ होतं, आणि ती शांत बसली. डायनोसॉरपाशी धाकट्यानं बराच वेळ घेतला. ते पाहून झाल्यावर मी त्याला सांगितलं, की आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला खरोखरीच्या डायनोसॉरची हाडं मिळालेली आहेत. त्याचा विश्वास बसला नाही. पुढच्या सुट्टीत दाखवीन म्हटलं आहे.

घरी आल्यावर हे संपू नये असं मला वाटत होतं. विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून मुलांसाठी किती गोष्टी करून दाखवल्या आहेत. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं. असं काही करायला नागपूरला जावं लागत नाही. रविवारी आम्ही काड्यांचा एक त्रिकोण आणि एक चौकोन केला. दाबण्याआधी विचारलं, कोणता मोडेल. लेक म्हणाली, त्रिकोण, कारण त्याला एक काडी कमी आहे. दाबला, हलला नाही. चौकोन मात्र लगेच आडवा झाला. ती वर पाहू लागली, छपराकडे. आमच्या जुन्या घराच्या छपराला लाकडी कैच्या आहेत. “म्हणून त्या तिरप्या आहेत का?” तिनं विचारलं. विचारलं ते आजीला.

तुम्ही मुलांना घेऊन नागपूरला जाणार असाल, किंवा तुमच्या जवळच्या अशा कुठल्याही ठिकाणी, तर माझी एक विनंती आहे. सगळं पाहून व्हावं हा हट्ट सोडा, दहाच गोष्टी पाहा. मुलानं हात लावण्याआधी त्याला विचारा, काय होईल. तो सांगेल ते ऐकून घ्या, मान हलवू नका. तुमचाही अदमास मोठ्यानं सांगा, आणि चुकलात तर पुन्हा सोडून पाहा. पाटी सगळ्यांत शेवटी वाचा. आणि आजी घरी असेल तर तिला बरोबर न्या.